अकरा जणींचे चित्र : महिला फुटबॉल, चित्रकार आणि देशाची ओळख

महिला फुटबॉलची मोठी स्पर्धा प्रेक्षकापर्यंत आधी चित्रातून पोहोचते. बोधचिन्ह, शुभंकर, भित्तिपत्रके, मैदानाभोवतीचे फलक हे सारे पहिल्या सामन्याच्या कितीतरी महिने आधी तयार असते. यजमान देश स्वतःकडे कसा पाहतो आणि मैदानावरच्या आपल्या मुलींकडे कसा पाहतो, हे या चित्रांतून दिसते. २०२२ या एकाच वर्षात भारतात महिला फुटबॉलच्या दोन मोठ्या स्पर्धा झाल्या आणि दोन्हींचे अंतिम सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर खेळले गेले. एएफसी महिला आशियाई चषक स्पर्धा २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी या काळात मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाली. सतरा वर्षांखालील मुलींची फिफा विश्वचषक स्पर्धा ११ ते ३० ऑक्टोबर या काळात भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाली. आशियाई चषकाच्या सजावटीसाठी सह्याद्रीतील वारली चित्रकलेचा आधार घेतला गेला. विश्वचषकाच्या बोधचिन्हात भारतीय वस्त्रांवरील कोयरी, झेंडू आणि बांधणीचे ठिपके आले. शुभंकर म्हणून ‘इभा’ नावाची आशियाई सिंहीण आली.

या चित्रांविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे, खेळाचे नियम जगभर सारखेच असल्याने देशाचे वेगळेपण चित्रानेच दाखवायचे असते आणि त्यासाठी परंपरेतील रेषा व नक्षी हेच हक्काचे साधन आहे. दुसऱ्या मताप्रमाणे, नक्षी फार झाली की खेळाडू झाकली जाते. देशाची ओळख पटवायची तर प्रत्यक्ष खेळणारी मुलगी नीट पाहून काढली पाहिजे. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात हा प्रश्न जवळचा आहे. एका बाजूला अजिंठा, वेरूळ, पैठणी आणि हिमरूचा वारसा आहे, दुसऱ्या बाजूला शाळांच्या आणि क्रीडा संकुलाच्या मैदानांवर धावणाऱ्या मुली आहेत. ही दोन मते येथे दोन प्रातिनिधिक व्यक्तींच्या तोंडून मांडली आहेत : शहरातील एका शाळेचे चित्रकला शिक्षक आणि मुलींच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षिका.

वारलीतील माणूस

वारली चित्रकला पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागात रुजलेली आहे. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहिण्याचे काम सवासिनींचे असते. गेरूने किंवा शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने हे चित्र उमटते. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. माणसाचे शरीर दोन त्रिकोणांचे. त्यांची टोके कमरेपाशी मिळतात. हातपाय म्हणजे बारीक रेषा, डोके म्हणजे एक वर्तुळ आणि बाई असेल तर मागे अंबाडा.

शिक्षक : मॅडम, खेळाचे चित्र काढायला याहून सोयीची आकृती शोधून सापडणार नाही. दोन त्रिकोण एका बिंदूवर टेकलेले आहेत, त्यामुळे वरचे अंग एकीकडे आणि खालचे दुसरीकडे सहज वळते. वाकणे, उडी मारणे, मागे झुकणे हे सगळे त्या एका बिंदूवर होते. वारली माणूस स्वस्थ उभा क्वचितच असतो. तो लावणी करतो, शिकार करतो, ताडावर चढतो, नाचतो. अशा आकृतीच्या पायापाशी चेंडू ठेवला तर तो उपरा वाटत नाही.

प्रशिक्षिका : आकृती खेळते हे मान्य आहे, सर. पण तिला चेहरा नाही. मुलींच्या फुटबॉलची अडचण नेमकी तीच आहे. संघातल्या दोन खेळाडूंची नावे सांगा म्हटले तर चांगले क्रीडाप्रेमीही थांबतात. ज्यांना लोक ओळखत नाहीत, त्यांना बिनचेहऱ्याच्या आकृतीत काढले तर त्या अनोळखीच राहणार.

शिक्षक : एखाद्या लोकप्रिय खेळाडूचा चेहरा काढला की चित्र तिचे होते. बिनचेहऱ्याची आकृती पाहताना तलासरीची मुलगी म्हणते ही मी, आणि इंफाळची मुलगीही म्हणते ही मी. तारप्याचा नाच पाहा. दुधी भोपळ्यापासून केलेला तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि हातात हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती फिरतात. त्यात कोण पुढारी आणि कोण पाहुणा ते कळत नाही. सामन्याआधी खेळाडू एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून गोल करतात, तेव्हा हेच चित्र मैदानावर दिसते.

प्रशिक्षिका : गोल सुटतो तेव्हा प्रत्येकीची जागा वेगळी होते, सर. एक गोलरक्षक, एक मधल्या फळीत, एक पुढे. मैदानावर एकसारख्या अकरा जणी नसतात. वारलीतला गोल सामन्याआधीचा क्षण छान सांगेल. पुढच्या नव्वद मिनिटांचे काय?

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आशियाई चषकात यजमान संघाच्या वाट्याला पूर्ण असा एकच सामना आला. २० जानेवारी २०२२ रोजी इराणविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्यानंतर संघात करोनाची लागण झाली, २३ जानेवारीला चिनी तैपेईविरुद्ध उतरवण्यापुरत्या खेळाडू उरल्या नाहीत आणि भारताची स्पर्धा तिथेच संपली. अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियावर ३–२ अशी मात केली. भारतीय खेळाडू मैदानाबाहेर गेल्या होत्या. वारलीवर बेतलेली सजावट शेवटच्या दिवसापर्यंत होती.

वस्त्रावरची नक्षी

सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे बोधचिन्ह २ नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी जाहीर झाले. स्पर्धा मूळ २०२० ची होती; करोनामुळे ती पुढे गेली आणि शेवटी २०२२ मध्ये झाली. बोधचिन्हाचा आकार चषकाचा, त्यात गडद निळ्या रंगाची उसळती लाट आणि तिच्यावर देशातील निरनिराळ्या वस्त्रांवरून घेतलेली नक्षी. इभा ही सिंहीण ११ ऑक्टोबर २०२१ रोजी, आंतरराष्ट्रीय बालिका दिनी, लोकांसमोर आली.

शिक्षक : वस्त्राचा आधार घेणे मला फार योग्य वाटते. कोयरी कुठे नाही? हिमरूच्या शालीवर आहे, पैठणीवर आहे, काश्मिरी शालीवर आहे, घरातल्या कुंकवाच्या करंड्यालाही आपण कोयरीच म्हणतो. भाषा बदलली तरी हा आकार ओळखीचा राहतो. राष्ट्रीय ओळख म्हणजे अशीच ओळखीच्या आकारांची सामाईक पेटी असते. झेंडू दसऱ्याला दारावर असतो, लग्नात मांडवाला असतो. विजयाच्या खेळाला तो शोभतो.

प्रशिक्षिका : तुम्ही सांगितलेल्या सगळ्या वस्तू घरातल्या आहेत, सर. करंडा, दारावरचे तोरण, साडी, शाल. मुलगी मैदानावर येते ती घरातून बाहेर पडून. तिच्या अंगावर जर्सी असते, अर्धी चड्डी असते, गुडघ्यापर्यंत मोजे, त्यात नडगीचे पॅड, पायात स्टडचे बूट. पुष्कळ घरांत पहिला वाद या अर्ध्या चड्डीवरूनच होतो. चित्राने तिला पुन्हा काठपदरात गुंडाळले, तर तिने जिंकलेली गोष्टच चित्रातून गळते.

शिक्षक : कोणीही खेळाडूला साडी नेसवलेली नाही. नक्षी लाटेवर आहे, चषकावर आहे.

प्रशिक्षिका : मोठ्या स्पर्धेच्या बोधचिन्हात नाही, हे खरे. पण त्याचे अनुकरण खाली पोहोचते तेव्हा असे होते. शाळेच्या भित्तिपत्रकात मुलगी नऊवारीत, नाकात नथ, पायाशी चेंडू, मागे तिरंगा. त्या पोशाखात चेंडू मारता येत नाही, हे चित्र काढणारीलाही ठाऊक असते.

शिक्षक : नऊवारीत धावता येते, मॅडम. शेतात, बाजारात बायका पिढ्यान्‌पिढ्या कासोट्यात कष्ट करत आल्या. पण फुटबॉलचा पोशाख फुटबॉलचाच असला पाहिजे, हे मला पटते. मग पैठणीचा मोर जायचा कुठे? माझ्या मते तो जर्सीच्या बाहीच्या काठावर बसू शकतो, फलकाच्या किनारीवर बसू शकतो. काठाचे काम काठाने करावे.

‘काठाचे काम काठाने करावे’ ही सूचना चित्रकलेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पैठणीतही मोर, मुनिया, आसावली यांच्या जागा ठरलेल्या असतात : काही पदरावर, काही काठात. मधल्या अंगावर विरळ बुट्टे असतात, म्हणून काठ आणि पदर उठून दिसतात. पानाच्या मधोमध खेळाडू मोकळी राहिली आणि नक्षी कडेला गेली, तर दोन्ही एकमेकींना उठाव देतात.

देश स्त्रीच्या रूपात

स्त्रीच्या आकृतीतून देश दाखवण्याची रीत भारतीय चित्रकलेत या स्पर्धांच्या कितीतरी आधीपासून आहे. राजा रविवर्मा यांनी १८८९ च्या सुमारास म्हैसूरच्या महाराजांसाठी गायिका-वादकांचे एक समूहचित्र काढले. त्यात प्रांतोप्रांतीच्या पोशाखातील अकरा स्त्रिया एकत्र बसल्या-उभ्या आहेत. पुढे त्यांचा शिळाछापखाना आधी मुंबईत आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवली येथे चालला आणि त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती घराघरांत गेल्या. १९०५ मध्ये अवनींद्रनाथ ठाकूर यांनी चार हातांची भारतमाता रंगवली. तिच्या हातांत पोथी, धान्याची लोंबी, जपमाळ आणि वस्त्र आहे.

शिक्षक : रविवर्म्यांच्या त्या चित्रातली संख्या पाहा, मॅडम. अकरा. वेगवेगळ्या प्रांतांतल्या अकरा स्त्रिया एका चौकटीत बसवून त्यांनी सारा देश उभा केला. आजच्या संघातही मणिपूर, झारखंड, तामिळनाडू, हरियाणा, पश्चिम बंगाल अशा ठिकाणच्या मुली असतात. चित्रकाराच्या हाती ही परंपरा आयती आहे.

प्रशिक्षिका : त्या अकरा जणी पाहिल्या जाण्यासाठी बसल्या आहेत, सर. भारतमाताही उभी आहे आणि आपण तिच्याकडे पाहून हात जोडतो. खेळाडू तुमच्याकडे पाहत नाही. तिची नजर चेंडूवर असते, नाहीतर सहकाऱ्याच्या पायाकडे. हा फरक मोठा आहे. देवी काय किंवा माता काय, दोघींचा पराभव होत नाही. खेळाडूचा होतो.

शिक्षक : पराभव चित्रात यावा असे तुमचे म्हणणे आहे?

प्रशिक्षिका : पराभवाला चित्रात जागा तरी असावी. २०२२ च्या विश्वचषकात भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून ८–०, मोरोक्कोकडून ३–० आणि ब्राझीलकडून ५–० अशा हरल्या. सोळा गोल झाले, आपला एकही नाही. शुभंकर सिंहीण होती. अशा वेळी सिंहीण आणि निकाल यांच्यातले अंतर पाहून लोक मुलींनाच बोल लावतात. कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातून आलेली. तिथून जागतिक स्पर्धेपर्यंतचा प्रवास हीच केवढी मोठी गोष्ट आहे. ती गोष्ट सिंहिणीच्या चित्रात मावत नाही.

शिक्षक : शुभंकर लहान मुलांसाठी असतो. पहिली-दुसरीतली मुलगी इभाचे चित्र रंगवते, तेव्हा ती पहिल्यांदा ‘मुलींचे फुटबॉल’ हे शब्द ऐकते. त्या वयात गुणफलक लागत नाही. पण तुमचा मुद्दा मी असा समजतो की प्रतीकाच्या सोबत माणूसही हवा.

या वादाला एक जागतिक पार्श्वभूमी आहे. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये आपल्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी घातली आणि ती जवळपास पन्नास वर्षे टिकली. त्या काळात पुरुषांच्या खेळाची छायाचित्रे, पत्रके, चित्रकार्डे यांचा डोंगर उभा राहिला; महिलांच्या खेळाच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. भारतात महिला फुटबॉलचा स्वतंत्र महासंघ १९७५ मध्ये स्थापन झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत भारतीय संघाने आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेतेपद मिळवले आणि शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुरुष संघाच्या १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतील सुवर्णपदकांच्या आठवणी निघतात, तेव्हा या उपविजेतेपदांचे चित्र मात्र डोळ्यांसमोर येत नाही. आजच्या चित्रकाराला वर्तमान रंगवताना राहून गेलेला इतिहासही भरून काढायचा आहे.

पाय, गुडघा आणि चेंडू

चित्रात खेळ खरा दिसतो की नाही, हे बारीक गोष्टींवरून ठरते. शालेय चित्रांत तीन चुका नेहमी आढळतात. पहिली गोलची. नियमाप्रमाणे गोलच्या दोन खांबांतील अंतर ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर, म्हणजे रुंदी उंचीच्या बरोबर तिप्पट असते. मुले तो जवळजवळ चौकोनी काढतात आणि गोलरक्षक दार अडवून उभी असल्यासारखी दिसते. दुसरी चेंडूची. मोठ्यांच्या चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण २२ सेंटिमीटर असतो. चित्रात तो गुडघ्याएवढा उंच होतो. तिसरी चूक पायांची.

प्रशिक्षिका : चेंडू मारणारा पाय सगळे काढतात. टेकलेला पाय कोणी नीट काढत नाही. सगळा फटका त्या टेकलेल्या पायावर अवलंबून असतो. तो चेंडूच्या शेजारी, साधारण वीतभर अंतरावर येतो, त्याचा अंगठा जिकडे चेंडू पाठवायचा तिकडे वळलेला असतो आणि गुडघा थोडा वाकलेला. उजव्या पायाने मारायचे असेल तर डावा हात बाहेर पसरतो, कारण तोल तिथे सांभाळला जातो. मान खाली, नजर चेंडूवर. चित्रात दोन्ही हात अंगाला चिकटलेले आणि चेहरा हसरा असला की ती मुलगी छायाचित्रासाठी उभी आहे, हे लगेच कळते.

शिक्षक : तुम्ही आत्ता जे सांगितले ते अजिंठ्यात आहे, मॅडम. एका पायावर सगळा भार, कमर एकीकडे, खांदे दुसरीकडे, मान पुन्हा उलट. त्रिभंग म्हणतात तो हाच. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी असाच उभा आहे. त्रिभंग शिकलेल्या मुलाला टेकलेला पाय वेगळा शिकवावा लागणार नाही. फक्त दुसरा पाय मोकळा करायचा.

प्रशिक्षिका : हे मला नवीन आहे. आणि वेग? पद्मपाणी शांत आहे.

शिक्षक : वेगासाठी सतराव्या लेण्यातली अप्सरा पाहायची. ती आकाशातून जाते आहे, पण तिचे अंग फारसे हललेले नाही. तिच्या गळ्यातल्या मोत्यांच्या माळा एका बाजूला झुकल्या आहेत आणि तेवढ्यावरून ती उडते आहे हे कळते. तुमच्या खेळाडूंच्या गळ्यात माळा नसतात, पण पोनीटेल असते, जर्सीचे टोक असते, बुटाखालून उडालेली माती असते. धावणाऱ्या मुलीची पोनीटेल मागे आडवी काढली की निम्मे काम झाले.

संवादाचा हा भाग दोन्ही मतांना जवळ आणतो. अजिंठ्याची लेणी शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहेत. चिखल, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर पातळ लेप देऊन तिथे चित्रे रंगवली गेली. त्या चित्रांतून घेण्याजोग्या दोन गोष्टी आहेत : एक वरवरची, म्हणजे कमळ, मुकुट, दागिने, दुसरी आतली, म्हणजे शरीराचा भार कसा टाकायचा आणि रेषेने गती कशी सुचवायची. वरवरची गोष्ट उचलली की खेळाडू अप्सरेच्या वेशात येते. आतली उचलली की ती जर्सीतच राहते आणि तरीही रेषा या मातीची ठरते.

नाव कोणाचे

राष्ट्रीय ओळख सांगणाऱ्या चित्राचे श्रेय कोणाला जाते, हा पुढचा प्रश्न आहे. वारली चित्रकला मूळची बायकांच्या हातची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी शासकीय कामानिमित्त डहाणू परिसरात गेले, त्यांनी वारलींना कागद आणि रंग दिले आणि ही कला बाहेर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर पोहोचले; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

प्रशिक्षिका : भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे मात्र राहिली नाहीत. कला त्यांची, आणि कागदावर आल्यावर नाव पुरुषांचे. खेळातही हेच घडत आले. म्हणून महिलांच्या स्पर्धेसाठी वारली निवडणे मला एका अर्थी फार बरोबर वाटते. पण मग त्या चित्रांखाली त्या भागातल्या बायकांची नावे असायला हवीत.

शिक्षक : म्हसे यांचे कर्तृत्व त्याने कमी होत नाही. त्यांनी लग्नघराच्या भिंतीपुरती असलेली कला रोजच्या जगण्याच्या चित्रांपर्यंत नेली. पण नावाचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने ते करून दाखवले.

शिक्षकांचा रोख २०२३ च्या महिला विश्वचषकाकडे आहे. त्या स्पर्धेच्या दृश्य ओळखीसाठी दोन यजमान देशांतील दोन मूलनिवासी चित्रकर्त्यांनी काम केले : ऑस्ट्रेलियाच्या काल्काडून समाजातील चर्नी सटन आणि न्यूझीलंडच्या माओरी चित्रकार फियोना कॉलिस. बोधचिन्हात चेंडूभोवती बत्तीस संघांसाठी बत्तीस रंगीत चौकोनांचे कडे होते. चित्रांबरोबर या दोघींची नावे जाहीर झाली आणि कोणता नमुना कोणाच्या परंपरेतून आला हेही सांगितले गेले. फ्रान्सने २०१९ च्या स्पर्धेसाठी आपल्या खलाशांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्याचा आधार बोधचिन्हात घेतला होता. तो सदरा देशात सर्वांचा मानला जातो, तिथे एका समाजाच्या श्रेयाचा प्रश्न उभा राहत नाही. वारली किंवा माओरी नमुना मात्र एका समाजाचा असतो. तो देशाच्या नावाने वापरताना त्या समाजाचे आणि चित्रकर्तीचे नाव सोबत ठेवणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

प्रशिक्षिका : हाच न्याय खेळाडूला लावा, सर. जर्सीवर पाठीमागे नाव आणि क्रमांक असतो. बहुतेक चित्रांत जर्सी कोरी असते किंवा भलताच आकडा असतो. खरी खेळाडू काढत असाल तर तिचा खरा क्रमांक काढा.

शिक्षक : मग चेहरा नसला तरी चालेल?

प्रशिक्षिका : पाठमोरी असली तरी चालेल. नाव वाचता आले पाहिजे.

शहराने काय काढावे

छत्रपती संभाजीनगर बावन्न दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. येथील मुले-मुली एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांना बसतात आणि स्मरणचित्रात खेळाचे प्रसंग काढतात. शहराच्या नावाने चित्र करायचे म्हटले की बीबी का मकबरा, भडकल दरवाजा किंवा वेरूळचे कैलास लेणे हमखास येते.

शिक्षक : दरवाजाची कमान आणि गोलची चौकट, या दोन्ही गोष्टी एकमेकींना साद घालतात. चित्रकाराने ते जोडून पाहावे असे मला वाटते. कमानीतून बाहेर पडणारी मुलगी आणि समोर मोकळे मैदान.

प्रशिक्षिका : बाहेर पडणारी असेल तर मला आवडेल. कमानीखाली हात जोडून स्वागत करणारी नको. तिच्या खांद्याला बुटांची पिशवी असावी. आणि शहर ओळखायला वास्तूच लागते असे नाही, सर. उन्हाळ्यातले कोरडे, भेगाळलेले मैदान, कडेला कडुनिंब, त्याच्या सावलीत पाण्याचा जार, सकाळी साडेसहाची लांब सावली. मराठवाड्यातली कोणतीही मुलगी ते मैदान ओळखेल. हिरवेगार गवत काढले की ते दुसऱ्या कुठल्या तरी देशाचे होते.

शिक्षक : हे मी वर्गात सांगेन. स्मरणचित्र म्हणजे स्मरणातले, पाहिलेले. पुस्तकातली हिरवळ कोणी पाहिलेली नाही.

प्रशिक्षिका : आणि पाहायला मैदानावर पाठवा. एक तास नुसते बसून पाय पाहू द्या. मुलींनाही कळू दे की आपल्याला कोणी नीट पाहून काढते आहे.

भारतीय महिला संघाने ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे यजमान संघाला २–१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळवला. भारताचे दोन्ही गोल संगीता बासफोर यांनी केले. पात्रता फेरी खेळून या स्पर्धेत पोहोचण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ होती. २०२२ मध्ये यजमान म्हणून मिळालेली जागा या वेळी खेळून मिळवलेली होती. चित्रकारासाठी हा प्रसंग दोन्ही मतांची कसोटी पाहणारा आहे. त्यात देश आहे, संघाची जर्सी आहे, नाव असलेली खेळाडू आहे आणि परक्या मैदानावरचा विजय आहे.

दोन्ही मते जिथे मिळतात

दोन्ही बाजू मांडून झाल्यावर चार गोष्टी ठरतात. वारली, अजिंठा, पैठणी किंवा हिमरू यांतून काही घ्यायचे तर आधी त्यांची रचना घ्यावी : दोन त्रिकोणांची लवचीक कंबर, एका पायावरचा भार, काठ आणि मधली मोकळी जागा. खेळाडू खेळाच्या पोशाखात आणि खेळाच्या क्षणी असावी. टेकलेला पाय, पसरलेला हात आणि खाली वळलेली नजर यांतून तिचे कसब दिसावे. ज्या समाजाची शैली वापरली त्याचे आणि जिने चित्र काढले तिचे नाव चित्राबरोबर जावे, तसेच जर्सीवर खेळाडूचे. आणि जागा ओळखीची असावी : आपले मैदान, आपले ऊन, आपली माती.

प्रतीकाची बाजू मांडणाऱ्या शिक्षकांनी पोशाख, नाव आणि मैदान मान्य केले. खेळाडूची बाजू मांडणाऱ्या प्रशिक्षिकेला अजिंठ्याच्या रेषेत फटक्याचा तोल सापडला. देशाची ओळख अशा चित्रात नक्षीने सुरू होते आणि खेळणाऱ्या मुलीपाशी पूर्ण होते. रविवर्म्यांच्या अकरा जणी एका चौकटीत आल्या तेव्हा त्यांच्या हाती वाद्ये होती. आजच्या अकरा जणींच्या पायांपाशी चेंडू आहे आणि त्यांच्या जर्सीवर नावे आहेत. चित्रकाराने ती वाचता येतील अशी लिहावीत.